प्रश्न संपायच्या आत

“त्या पलंगाचा कठडा खाली कुणी...”

“मीच, सायेब,” वनमाला म्हणाली.

डॉक्टरांचा प्रश्न अजून तोंडातच होता. गेवराईच्या त्या खासगी दवाखान्यात ती चौदा वर्षं आया होती. काही फुटलं, सांडलं, हरवलं की कबुली तिचीच. पण आज पहाटे पलंगावरून पडून एका म्हाताऱ्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं.

“मग तसं लिहून द्या. उद्यापासून यायचं नाही.” डॉक्टरांनी कागद पुढे सारला.

रात्रपाळीचा वॉर्डबॉय प्रविण भिंतीला टेकून उभा होता. सकाळीच त्यानं तिला जिन्यात गाठलं होतं. “मावशी, घ्या की तुमच्या अंगावर. तुमाला काय, सवय हाय.” तिनं होकारार्थी मान हलवली होती.

लहानपणी आईबाप ऊसतोडीला गेले की सहा महिने ती चौसाळ्याला मामाकडं असायची. ‘मी न्हाई’ म्हटलं की मामी उलथनं तापवायची. ‘मीच’ म्हटलं की दोन थपडांत भागायचं. आठव्या वर्षी तिला हे उमगलं. पुढं नवऱ्याला ते आयतंच सापडलं, मग दवाखान्याला. लाज मारणाऱ्यांना वाटायला हवी होती; ती हिलाच वाटे. दंडावरचे डाग तिनं कुणाला दाखवले नव्हते.

तिनं पेन उचललं, तोच म्हाताऱ्याची बायको तुळजाबाई आत आली.

“ही बाई तर काल दिस मावळायलाच घरी गेलती! कठडा ह्या पोरानं पाडला रातीला, अन् तसाच ठिवून गेला. कावून खोटं बोलतीस गं?”

वनमालाचे कान तापले. चोरी करताना सापडल्यासारखी ती खाली बघत राहिली.

“मी... मी नव्हते, सायेब.”

“काय? मोठ्यानं बोला.”

“मी नव्हते.” तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. काहीच झालं नाही.

“बाहेर बसा तुम्ही. प्रविण, तू थांब.”

थोड्या वेळानं प्रविण बाहेर आला. “एवढं बी झालं न्हाई तुमच्याच्यानं? काढलं ना मला!”

“चुकलं रे बाबा माझं,” वनमालानं हात जोडले.

बाहेर बाकावर येऊन बसलेल्या तुळजाबाईनं ते ऐकलं. ती थोडी बाजूला सरकली.

वनमाला बराच वेळ उभीच होती. मग बसली, कुणी ऊठ म्हटलं तर लगेच उठता यावं, इतकीच.