काट्यावर चढलेली कृपा

"एक वेळ जेवून वजन वाढतं का कधी? माझ्या भक्तांचं वाढतं! चढा रे काट्यावर!"

लॉन्ड्रीच्या आवारात आलेल्या या महाराजांभोवती माणसांची नुसती झुंबड उडाली होती. इस्त्रीवाला दादा कपडे तोलायच्या काट्यावर चढला आणि काटा आठवड्यापूर्वीच्या खुणेच्या पुढे गेला. काटा लॉन्ड्रीचाच, म्हणजे लबाडीचा सवालच नाही. बायाबापड्यांनी हात जोडले. महाराजांनी डोळे मिटून पोटावरून हात फिरवला.

"सत्त्व उतरतंय देहात! गोळ्या सोडा, तीन वेळा माझं सत्त्वजल प्या. वरून पाणी प्या पोटभर!"

दादाची धाकटी बहीण शाळेत विज्ञान शिकवायची. हे ऐकून ती गर्दीतून वाट काढत पुढे आली. दादाला रक्तदाब होता. दोन महिन्यांपूर्वी महाराजांच्या सांगण्यावरून त्याने गोळ्या माळ्यावर फेकल्या होत्या आणि आता त्याला चपला होत नव्हत्या.

"दादा, पाय दाखव."

"अगं, पाय काय बघतेस, तेज बघ चेहऱ्यावर!"

तेज कसलं, डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या. तिने नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो पडलाच.

"लघवीला फेस येतो?"

दादा ओशाळला. "येतो. महाराज म्हणाले, पाप बाहेर पडतंय."

"पाप? शी! अरे, तुझी किडनी गळतेय!"

ती तडक इस्त्रीच्या टेबलापाशी गेली. तिथली तापलेली इस्त्री उलटी धरून तिने तळावर पळीभर सत्त्वजल ओतलं. चर्र झालं, वाफ उडाली आणि तळावर पांढरा थर बसला.

"हे काय आहे, सांगा बरं?"

इस्त्री निवल्यावर धुणाऱ्या मावशींनी थराला बोट लावून चाखलं. "मीठच गं बाई! सदऱ्याच्या काखेत घाम वाळला की असाच थर बसतो." दुसऱ्या बोटाने त्यांनी पेल्यातलं सत्त्वजल चाखलं. "आणि लिंबू पिळून खारटपणा झाकलाय मेल्याने!"

"मावशी, ओल्या चादरीचं वजन धरता का तुम्ही?"

"छे! गिऱ्हाईक जोड्याने मारेल. आधी वाळवायची, मग तोलायची."

"मग माणूस तेवढा ओला तोललात?"

रोज ओल्या-कोरड्याचा हिशेब करणारी माणसं, आणि नेमकी इथेच फसली!

"किडनी ही चाळणी आहे," बहीण म्हणाली. "मीठ फार झालं की तिला ते झटपट बाहेर टाकता येत नाही. मग ते पातळ करायला शरीर पाणी धरून ठेवतं. काट्यावर चढलं ते पाणी! त्याने रक्ताचा दाब वाढतो. दाब महिनोन्‌महिने राहिला की चाळणीची भोकं मोठी होतात आणि अंगातली प्रथिनं लघवीतून वाहून जातात. त्याचाच फेस. आणि दादाच्या गोळीचं कामच मुळी जादा मीठ-पाणी बाहेर काढायचं. ती बंद करवली, म्हणून तर चमत्कार जमला!"

मावशींनी भरलेला पेला महाराजांपुढे धरला. "घ्या, तुम्हीच प्या आता. रोज तीन वेळा."

"आम्ही सिद्ध आहोत, आम्हाला गरज नाही," महाराज पुटपुटले आणि चपला शोधू लागले. त्यांच्या पायात त्या अगदी नीट बसल्या.

मावशींनी आवाराचं दार लावून घेतलं आणि पोलीस येईपर्यंत उघडलं नाही.

दादाची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालू करू, मीठ कमी करू. सूज उतरेल. पण किडनीचा जो भाग गेलाय, तो परत येत नाही."

दादा कामावर परतला. सूज उतरली, वजन घटलं, चपला पायात गेल्या. फेस मात्र अजून येतो. नवं माणूस लॉन्ड्रीत आलं की तो त्याला काट्यापाशी नेतो आणि सांगतो, "काटा खरंच बोलतो, बाबा. पण काय तोललंय, ते आपणच विचारायचं असतं. मी विचारलं नाही. आणि गोळी सोड म्हणणारा देव असला, तरी आधी डॉक्टरला विचार."