बदलीचं रक्त

पैज लागली ती कोपरखैरण्याच्या माथाडी चाळीत, सकाळच्या नळावर. एका बाजूला गोटीराम, वय पंचेचाळीस, कांदा-बटाटा मार्केटातला हमाल आणि अख्ख्या चाळीला छळणारा टवाळ. दुसऱ्या बाजूला शेजारच्या खोलीतले रावसाहेब, टोळीचे निवृत्त मुकादम, वजन पक्कं नव्वद किलो.

"चाळीस म्हातारे, आन् रक्त द्यायला?" रावसाहेब खदाखदा हसले. "आरं, ही माणसं डागदराला दात दाखवत न्हाईत, रक्त काय देत्यात!"

"मी आणतो की. लावा पैज!"

"हरलास तर मला पाठीवर घ्यायचं. गोणीसारखं. मार्केटाच्या मेन गेटापासनं आपल्या गाळ्यापतुर, ऐन गर्दीच्या टायमाला."

"आन् तुमी हरला तर तुमी मला. कंबर धरली तर वहिनींनी माझ्या नावानं बोटं मोडायची न्हाईत!"

हंडे घेऊन उभ्या बाया फिस्सकन हसल्या.

सगळी भानगड होती स्मिता डॉक्टरची. बाई वाशीची. हिरड्यांत वर्षानुवर्षं मुरलेला जंतू रक्तात सूज धरतो का, आणि तीच सूज म्हातारपणी काळीज नि मेंदू पोखरते का, हे तिला शोधायचं होतं. मिश्री घासून हिरड्यांची वाट लावलेले साताऱ्याकडचे हमाल तिला बरोब्बर सापडले होते, पण पैसे सापडत नव्हते. तीन वर्षं तिनं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. "म्हातारपण हा काय रोग आहे का, मॅडम?" एवढंच ऐकून परत यायची. शेवटी अठ्ठ्याण्णव साली एक ट्रस्ट पैसे द्यायला तयार झाला. अट एकच. साठीपुढची चाळीस माणसं महिनाअखेर तपासून दाखवा, मग दोन वर्षांचा खर्च आमचा.

गोटीरामला पैजेहून वेगळंच टोचत होतं. त्याचा थोरला भाऊ जोतीराम, वय त्रेसष्ट, मार्केटची वाट विसरायला लागला होता. एकदा तर पोलिसांनी ऐरोलीहून आणून सोडला. डॉक्टर म्हणाली होती, "पैसे आले तर पहिलं नाव जोतीरामचं. हिरड्यांचे उपचार, औषधं, सगळं फुकट. आजार थांबेल का, मला माहीत नाही. पण बघू तरी."

ते 'बघू तरी' गोटीरामनं मुठीत घट्ट धरलं.

एकोणतीस म्हातारे त्यानं थापा मारून आणले. भैरूला सांगितलं, रक्त काढलं की केस काळे होत्यात. उरलेले अकरा मात्र हलेनात. पंढरी तर उखडलाच, "मी आजारी न्हाई, म्हातारा हाय! सुई कशाला?"

महिना संपायला दोन दिवस राहिले. मग गोटीरामनं टोळीतला रोजचाच उपाय काढला. कुणी तापानं फणफणला की त्याच्या नंबराचा बिल्ला लावून दुसरा कामाला जायचा, आजाऱ्याचा दिवस बुडायचा नाही. याला म्हणायचं बदली, आणि यात काही वावगं आहे असं कुणाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. डॉक्टर मुंबईला गेलेला दिवस गाठून त्यानं अकरा बदली रांगेत उभे केले. सगळे चाळिशीतले गडी, हातात म्हाताऱ्यांचे बिल्ले. नवा टेक्निशियन नंबर लिहायचा आणि शीर शोधायचा. हमालाचं वय तसंही तोंडावरून कळत नाही. दोघांनी तर कण्हूनही दाखवलं.

चाळीस भरले. रावसाहेब हरले. गोटीराम चाळभर मिरवला, "मुकादम, तेल लावून ठेवा पाठीला!"

पंधरा दिवसांनी डॉक्टर चाळीत आली. हातात फाईल, चेहरा उतरलेला.

"गोटीराम, सत्तरीच्या पंढरीचं रक्त पैलवानाचं कसं? सूज नावाला नाही. अशी अकरा माणसं. ट्रस्टचा माणूस काल पंढरीला भेटला. तो म्हणाला, मला कुणी सुई लावलीच नाही."

"बदली दिली की, बाई. चाळीस म्हणजे चाळीस मोजून दिले."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "मला त्यांचं म्हातारपण तपासायचं होतं. ते दुसऱ्याच्या अंगातनं कसं काढू?"

"मग अकरा काढून टाका! बाकीचे खरे हायत. दादा खरा हाय!"

"आता ते कुणालाच खरं मानत नाहीत. फाईल बंद. मी दुसरीकडे पैसे मागायला गेले तरी आधी हेच विचारतील."

"किती दिस जातील?"

"दिवस नाही. वर्षं."

उंबऱ्यावर जोतीराम डाव्या पायात उजवी चप्पल घालायला बघत होता.

दुसऱ्या दिवशी रावसाहेब म्हणाले, "मरू दे रं ती पैज."

"एकोणतीसच भरले, मुकादम. मी हरलो. चला."

कांदा सोन्याच्या भावानं चालला होता, गेटावर पाय ठेवायला जागा नव्हती. गोटीरामनं रावसाहेबांना पाठीवर घेतलं आणि वाकून निघाला. शिट्ट्या, टाळ्या. "गोटीराम, माल लई जुना दिसतोय!" कुणीतरी ओरडलं. एरवी त्यानं दहा उत्तरं फेकली असती. आज त्यानं ओझं सावरून पाय उचलला.

जोतीरामला घरी एकटं सोडता येत नव्हतं, म्हणून गाळ्यावर बसवला होता. पाठीवरचं ओझं बघून तो सवयीनं उठला.

"कुणाच्या नंबरावर हाय रं?"

"माझ्याच, दादा."

जोतीरामनं त्याचं तोंड न्याहाळलं. मग खांद्यावर हात ठेवून मायेनं म्हणाला, "दमलास. नवा बदली हाईस न्हवं?"