वीतभर फट

पुस्तके बांधणाऱ्या बाइंडरच्या आईची खिडकी भर थंडीतही वीतभर उघडी असे. कोंडलेल्या खोलीत शेगडीच्या धुराने नवरा गेला, तेव्हापासून बंद तावदान दिसले की तिचा श्वास घशातच अडे. खिडकीखालचा गरम पाण्याचा हीटर बिचारा दिवसभर रस्त्याला ऊब देत राही. इमारतीचा बॉयलर एकच. गरम पाणी खालून चढे, या खिडकीपाशी आपली सारी धग सांडे आणि शेवटच्या मजल्यावरच्या टॅक्सीवाल्याकडे कोमट होऊन पोहोचे. त्याचे बाळ अजून महिन्याचेही नव्हते.

त्या सकाळी टॅक्सीवाला ड्रिल घेऊनच आत शिरला.

"सरका मावशी. आज या खिडकीचं तोंडच शिवून टाकतो."

"अरे, जरा ऐकून तरी घे," बाइंडर म्हणाला.

"काय ऐकू? पोराचे ओठ निळे पडलेत! सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं सताड उघडा, हवा खेळवा, मग लावून टाका. किती वेळा सांगितलं? पण तुमचं आपलं पालथ्या घड्यावर पाणी!"

त्याचे खरे होते. टॅक्सीवाल्याने खिडकी धाडकन ओढली. पहिला स्क्रू चौकटीत शिरला आणि मागे आईच्या छातीत शिट्टी वाजू लागली. बाइंडरने त्याचा दंड धरला. टॅक्सीवाल्याने कोपर मागे हाणले. बाइंडरचे तोंड रक्ताने भरले.

आयुष्यभर कागदाच्या कडा अलगद दुमडणारे ते हात मग त्याचे राहिले नाहीत. त्याने टॅक्सीवाल्याची मान पकडून डोके तावदानावर आपटले. काच तडकली. पुन्हा आपटले. काच खळकन फुटली आणि सावरायला पुढे केलेला टॅक्सीवाल्याचा हात त्या दातेरी भोकातून कोपरापर्यंत गेला. तो मागे ओढताना कापड फाटावे तसा आवाज झाला. रक्त हीटरवरून ओघळले. टॅक्सीवाला भिंतीला टेकत खाली घसरला.

"गार... फार गार वाटतंय," तो पुटपुटला.

बाइंडर थिजून उभा.

"बघतोस काय मेल्या? फडकं बांध त्याच्या हाताला, घट्ट!" आई उठली. अंगावरची रजई काढून तिने ती फुटक्या चौकटीत कोंबली आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरली. वारा थांबला.

"आई, सोड ते. तुला श्वास..."

"आधी बांध."

गाठ आवळताना, खोलीत ऊब साठू लागली तसे टॅक्सीवाल्याचे थरथरणे कमी होत असल्याचे बाइंडरला जाणवले. आईकडे पाहण्याचा मात्र त्याला धीर होईना. तिच्या छातीतली शिट्टी बारीक, आणखी बारीक होत चालली होती.