मी कमी मोजलेलं पाणी

डाव्या काठापासून तीन फूट

मित्रांनो, मी एक जुना वेगमापक आहे. पितळेच्या सहा छोट्या वाट्या, त्यांना धरणारी एक चकती, आणि ती चकती जिच्या टोकावर तोलली आहे अशी एक सुई. नदीत बुडवलं की वाट्या फिरतात आणि प्रत्येक फेरीला तारेतून मोजणाऱ्याच्या कानात 'टक्' होतं. मला एवढंच बोलता येतं.

नदी मोजायची म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दोर ताणायचा. ठरावीक फुटांवर थांबायचं, खोली घ्यायची, मला बुडवायचं, फेऱ्या मोजायच्या आणि पुढे सरकायचं. मला दुसरी रीत ठाऊक नाही, म्हणून माझी गोष्टही अशीच सांगतो.

सात फूट

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. एका लांबलचक हौदात मला ठरावीक वेगानं ओढून पाहिलं आणि माझ्याबरोबर एक तक्ता दिला: सेकंदाला इतक्या फेऱ्या, म्हणजे इतका वेग. मग खोक्यात बसून मी कोलोरॅडोच्या पश्चिमेला, सेज फोर्क नदीच्या खोऱ्यात आलो. तिथल्या पाणी कचेरीत लायमन ओबरहोल्ट नावाचे इंजिनियर होते. त्यांनी मला सव्वीस वर्षं वापरलं.

पाण्यात उतरण्यापूर्वी ते मला एका खोक्यावर ठेवत, वारा लागू नये म्हणून टोपी आडवी धरत आणि चकतीला बोटानं हलकी टिचकी देत. मग घड्याळ लावून बघत बसत. कोरड्या हवेत मी चार मिनिटं फिरलो, तर सुई ठीक. दोन मिनिटांच्या आत थांबलो, तर त्या दिवशी मला पाण्यात न्यायचं नाही. वेळ वहीत लिहायची. वहीत रबर चालत नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे, आणि शेजारी सही.

अकरा फूट

त्या खोऱ्यात ज्याचा हक्क जुना, त्याला पाणी आधी. नदी चव्वेचाळीस क्युसेकच्या खाली गेली की नव्या हक्कवाल्यांच्या पाटांची दारं बंद होत. त्यामुळे माझ्या टकटकीवर शेतं हिरवी राहत किंवा वाळत. दोनदा भांडण कोर्टात गेलं आणि दोन्ही वेळा न्यायाधीशांनी लायमनची वही उघडून पाहिली आणि मिटली. लोक म्हणत, "ओबरहोल्टचा आकडा आहे ना? मग गप्प बसा."

पुढे पुढे लायमन मला फिरवून बघेनासे झाले. गाडीतच वहीत लिहून टाकत: चार मिनिटं दहा सेकंद. नेहमी तेवढंच तर येत होतं.

मला तो मान वाटला.

सोळा फूट

एका वसंतात गाडी खड्ड्यात आदळली आणि माझ्या सुईचं टोक बोथट झालं.

सोळा फूट, पुन्हा

हे माप नीट आलं नाही. पुन्हा घेतो.

प्रवासात चकती सुईवरून उचलून धरणारा एक बारीक स्क्रू असतो. तो आवळायला लायमन विसरले, कारण त्याच सकाळी फोन आला होता की शरद ऋतूत त्यांना सगळ्या खोऱ्याचा मुख्य इंजिनियर करणार. खड्डा साधाच होता. टोक गेलं ते मला लगेच कळलं. बर्फ वितळून आलेलं पाणी जोरात होतं. जोराच्या पाण्यात माझा दोष झाकला जायचा, आणि तो झाकला जातोय याचं मला बरं वाटायचं. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

ऑगस्ट आला. नदी संथ झाली. मी अडखळू लागलो. टक्. मग बऱ्याच वेळानं टक्. पुलाखालची पाण्याची उंची मोजायची पट्टी दाखवत होती त्यावरून पाणी शेहेचाळीस क्युसेक असायला हवं होतं. माझ्या फेऱ्यांवरून हिशेब आला एकोणचाळीस. लायमन स्वतःशीच म्हणाले, "नदीचा तळ बदललेला दिसतोय. पट्टी चुकते, हा चुकत नाही."

त्याच दुपारी डेसा किमेल या नव्या हक्कवालीच्या पाटाच्या दाराला कुलूप लागलं. तिच्या बागेतली पीचची फळं उतरायला दोन आठवडे उरले होते.

बावीस फूट

पाचव्या दिवशी लायमन पुन्हा मोजत होते, तेव्हा डेसा गुडघाभर पाण्यात येऊन उभी राहिली.

"लायमन, हे बूट माझ्या बापाचे. कुलूप लागायच्या आधी पाणी या शिवणीपर्यंत यायचं. आजही तिथंच आहे. बघ वाकून."

"डेसा, बूट कोर्टात चालत नाहीत."

"त्यांना चालवायला कोण सांगतंय? तू नुसता बघ."

"माझ्या कानात आत्ता नदी बोलतेय. चाळीस सुद्धा भरत नाही."

"मग कान धुऊन ये," ती म्हणाली आणि काठावर चढून गेली.

मी पाण्यातच होतो. टक् एवढंच मला येतं, आणि तेही मी कमी म्हणत होतो.

सव्वीस फूट

नवव्या दिवशी राज्याच्या राजधानीहून इनेस पाचेको नावाच्या इंजिनियर आल्या. बढतीपूर्वी कुणीतरी बरोबर उभं राहून एक मोजणी करायची, असा नियम होता. लायमननी वहीत वेळ आधीच लिहून ठेवली होती. इनेसबाईंनी मात्र मला खोक्यावर ठेवलं, टोपी आडवी धरली आणि टिचकी दिली.

मी फिरलो. मित्रांनो, जीव तोडून फिरलो. अठ्ठेचाळीस सेकंदांत थांबलो.

त्यांनी पुन्हा टिचकी दिली. सत्तेचाळीस.

"ओबरहोल्ट साहेब, वहीत तर चार मिनिटं दहा सेकंद आहे."

लायमननी खोक्याकडे बोट केलं. "खोक्यात दुसरी सुई आहे. ती बसवा."

"बसवते. म्हणजे आजचं माप बरोबर येईल. मागची मापं?"

"इथून पुढं रोज फिरवून बघेन, बाई."

"मी ते विचारलं नाही. तसं, मला काय? मी संध्याकाळी परत जाणार. इथं राहायचंय तुम्हाला."

नव्या सुईनं मोजलं. शेहेचाळीस.

लायमननी वही गुडघ्यावर घेतली. ऑगस्टच्या तिन्ही पानांवर एकेक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: फिरवून पाहिलं नव्हतं. सही केली. मग पानं मागे उलटत गेले. जुलै, जून, गेलं वर्ष, त्याच्या आधीचं. जिथं जिथं त्यांना पाहिल्याचं आठवत नव्हतं, तिथं तिथं तेच वाक्य. इनेसबाई गाडीत जाऊन बसल्या. त्यांची कॉफी गार झाली.

एकतीस फूट

कुलूप लायमननी स्वतः उघडलं. मी त्यांच्या हातात होतो. दाराशी डेसा उभी होती. तिच्यामागे झाडांखाली पीच पडले होते, आक्रोडाएवढे, सुरकुतलेले.

"तुझं बरोबर होतं," लायमन म्हणाले. "याची सुई गेली होती. मी बघितली नाही."

"कधीपासून?"

"वसंतापासून. बघायचं सोडलं होतं ते त्याच्याही आधी."

"झाडं जगतील," डेसा म्हणाली. "फळ गेलं." पाटात पाणी शिरू लागलं तशी ती त्याच्या कडेकडेनं बागेकडे चालू लागली. थोडं पुढे जाऊन थांबली. "पुढच्या वेळी मोजायला येशील, तेव्हा मी शेजारी उभी राहणार. चालेल?"

"चालेल."

मुख्य इंजिनियरची खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली. लायमन आणखी चार वर्षं तीच नदी मोजत राहिले. दर वेळी ते मला खोक्यावर ठेवत, डेसा तिची टोपी आडवी धरी आणि घड्याळही तिच्याच हातात असे.

मित्रांनो, आता मला पाण्यात कुणी नेत नाही, आणि ते योग्यच आहे. माझं एवढंच मागणं आहे. जो तुमच्याजवळ कधीच चुकला नाही, त्यालाच आधी तपासा. तुम्हाला वाटेल, त्याला वाईट वाटेल. मी सांगतो, वाटत नाही. आत कुठंतरी त्याचं टोक झिजलेलं असतं, त्याला ते ठाऊक असतं, आणि कुणीतरी एक टिचकी द्यावी म्हणून तो वाट बघत असतो.