उत्तर न देणाऱ्या चौक्या

धरणाखालच्या, सगळ्यात वरच्या चौकीवरचा कॉम्प्युटर पूर-इशारा कचेरीच्या नेटवर्कवरून गायब झाला, तेव्हा पडद्यावर चौक्यांवर नजर ठेवणारी रादका नुसती हसली. आज संत निकोलाचा सण. नदीकाठच्या चौक्यांवर आज अक्रोड भरलेला कार्प मासा आणि राकिया ही फळांची दारू ठरलेली, आणि पहारेकऱ्यांची युक्तीही ठरलेली: रिकामी खुर्ची साहेबाला कळू नये म्हणून नेटवर्कची वायर उपटायची, आणि संध्याकाळी ‘लाइन गेली होती’ म्हणायचं. रादका दरवर्षी हे पाप पोटात घाली. पुलाच्या चौकीवर तिचा सख्खा मामा होता.

“काय गं, वरचा गेला?” वेल्चेवसाहेबांनी विचारलं.

“मासा भट्टीत गेला असेल, साहेब.”

“त्या चोरांना म्हणावं, एक तुकडा इकडेही पाठवा.”

थोड्या वेळाने गिरणीची चौकी गेली. रादकाने सवयीने तपासलं. मशीनला नावाने हाक मारली, नंबराने मारली; उत्तर नाही. मग तिने भिंतीवरच्या नेटवर्कच्या पेटीला विचारलं. ती पेटी कुलपात असते, किल्ली कचेरीत. ती कुणाला उपटता येत नाही. पेटी गप्प होती. वरच्या चौकीची पेटीही गप्प.

“वीज गेली असेल,” साहेब म्हणाले.

“पेट्यांना बॅटरी आहे. आणि फोनही कुणी उचलत नाही. आधी वरची, मग गिरणी. नदी जशी उतरते तशा जाताहेत. गावातला पुराचा भोंगा वाजवू या, साहेब.”

“गेल्या वसंतात तुझंच ऐकून वाजवला होता. गाव कोंबड्या काखोटीला मारून टेकडीवर चढलं आणि पाणी आलं घोट्याएवढं. अजून मला बायबलातल्या महापुराचा ‘नोहा’ म्हणून चिडवतात. आधी खात्री कर.”

खात्री करायला गिरणीच्या खालची, पुलाच्या अलीकडची मेंढवाड्याची चौकी होती. तिची उत्तरं येत होती, मग उशिरा येऊ लागली, मग थांबली.

साहेबांनी भोंग्याचं बटण दाबलं. पडद्यावर लाल ओळ उमटली: भोंगा सापडत नाही. त्याची लाइन मेंढवाड्याच्याच पेटीतून जात होती.

रादकाने पुलाच्या चौकीला फोन लावला.

“ये रादके, जेवायला ये! मामाच्या नावाच्या संताचा सण, आणि भाची कचेरीत?”

“मामा, पाणी येतंय. धरण गेलंय बहुतेक. आत्ताच्या आत्ता टेकडीवर पळ.”

“थट्टा करतेस?” मग तो थांबला. “नदी मघापासून गढूळ आहे खरी. भोंगा का नाही वाजला?”

“वाजणार नाही.”

“मग चर्चची घंटा आहे की.”

“चर्च खाली काठावर आहे, मामा! तू वर जा.”

“अख्खं गाव चर्चच्या अंगणात जेवतंय, पोरी. त्यांना कोण उठवणार, तुझा साहेब?”

रिसीव्हर टेबलावर पडल्याचा आवाज आला. पावलं दूर गेली. पडद्यावर पुलाचा कॉम्प्युटर शहाण्यासारखा उत्तरं देत होता. मग त्याने देणं बंद केलं, आणि कानातला फोनही मुका झाला.

साहेबांनी खिडकी उघडली. दरीतून घंटा ऐकू येत होती, घाईची, ताल सुटलेली. ती थांबेपर्यंत दोघंही खिडकीतून हलली नाहीत.