नदीच्या बाजूनं बोलायचं होतं

मंजुषा लग्न होऊन २००३ साली अमेरिकेत वेस्ट विंडसरला आली, तोवर तिचं कुठल्याच नदीशी काही नातं नव्हतं. नागपुरात नाग नदी पुलावरून ओलांडायची, तीही नाकाला ओढणी लावून. इथे अपार्टमेंटच्या मागे, झाडीतून पाच मिनिटं चाललं की एक लहानशी नदी लागायची. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. नवरा राजेश सकाळच्या ट्रेनने न्यूयॉर्कला गेला की घर खायला उठायचं, म्हणून ती तिथे जाऊन बसू लागली.

आधी नुसतीच बसायची. एक दिवस सहज वाकून तिने पाण्याला हात लावला आणि कपाळाशी नेला. मग ते रोजचंच झालं. स्तोत्र नाही, फूल नाही. निघताना फक्त "येते गं," म्हणायची.

पुढच्या जानेवारीत तिचे बाबा गेले. व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलेलं होतं. "आत्ता गेलीस तर परत कधी येता येईल, सांगता येत नाही," राजेश म्हणाला. खोटं नव्हतं ते. तिकडे भावाने, प्रतापने, सगळं केलं. दहाव्या दिवशी मंजुषा डबीत काळे तीळ घेऊन नदीवर गेली. काठाला बर्फ धरला होता. टाचेने तो फोडून ती घोटाभर पाण्यात उभी राहिली, ओंजळीतून तीळ सोडले आणि मोठ्याने रडली. अपार्टमेंटच्या पातळ भिंतींमुळे घरात तसं रडता आलं नव्हतं.

वळून पाहिलं तर काठावर एक म्हातारी अमेरिकन बाई उभी होती. जोन तिचं नाव. गेली वीस वर्षं ती दर आठवड्याला या नदीचं पाणी तपासायला यायची. तिने गळ्यातला स्कार्फ काढून पाय पुसायला दिला. पाय पुसता पुसता मंजुषानेच बाबांचं सांगितलं.

"बरोबर जागी आलीस," जोन म्हणाली. "ही ऐकून घेते."

त्यानंतर दोघी भेटत राहिल्या. पाण्यातला दगड उलटून खालचे किडे कसे बघायचे, ते जोनने शिकवलं. किडे आहेत म्हणजे पाणी जिवंत आहे.

२००६च्या एप्रिलमध्ये एका बिल्डरने काठावरची झाडी तोडून टाउनहाउस बांधायची परवानगी मागितली. गुरुवारी टाउनशिपच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, बोर्डापुढे सुनावणी होती.

"माझे आकडे ऐकून ते कंटाळलेत," जोन म्हणाली. "तू ये. तुझ्या वडिलांचं सांग. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात."

"येईन. नक्की."

रात्री जेवताना राजेश वैतागला. "ग्रीन कार्ड शेवटच्या स्टेजला आहे यार. आपलं नाव रेकॉर्डवर कशाला?"

"बोलल्याने कार्ड अडत नाही, राजेश."

"माहितीये. पण रिस्क कशाला घ्यायची? तूच ठरव."

त्याने अडवलं नाही. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला मंजुषा साडी नेसून तयार झाली. मग सोफ्यावर बसली, आणि बसूनच राहिली. चार माणसांत उभं राहून बाबांचं नाव घ्यायचं, उच्चार चुकला तर, कुणी हसलं तर. आठ वाजता तिने साडी बदलली.

परवानगी मिळाली. जोन नंतर भेटली तेव्हा रागावली नाही. "तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती," एवढंच म्हणाली. मंजुषाला वाटलं, हिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

जूनमध्ये झाडं पडली. उन्हाने पाणी तापलं, गढूळ झालं. त्या उन्हाळ्यात मंजुषाने एकेक करून बरेच दगड उलटले. खाली काही हलत नव्हतं. जोन ऑगस्टमध्ये मुलीकडे ओहायोला राहायला गेली.

पुढच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं आणि मंजुषाला एका लॅबमध्ये नोकरी लागली. आता ती टाउनशिपच्या प्रत्येक सुनावणीला जाते. कधी तळ्याचा प्रश्न असतो, कधी एखाद्या ओढ्याचा. माइकसमोर स्वतःच्या नावाचं स्पेलिंग सांगते आणि तीन मिनिटं न अडखळता बोलते. लोक टाळ्याही वाजवतात.

घरी येताना मात्र ती नदीवरच्या पुलाचा रस्ता टाळून हायवेने वळसा घेते. नदीला तोंड दाखवायचा धीर तिला अजून होत नाही.