उघड्या तोंडाला फडकं

गाडी बाबांची होती, पण चालू व्हायची फक्त धाकटीच्या हाताने. चोक अर्धा ओढायचा, पॅडल दोनदा दाबायचं, मग उतरून बॉनेट उघडायचं आणि कार्ब्युरेटरच्या बगलेत स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकायचं. जोरात ठोकलं तर पेट्रोल वाहायचं, हळू ठोकलं तर गाडी ढिम्म. थोरल्या भावाने काही दिवस झटापट केली आणि "हिला तुझाच हात लागतो" म्हणून अंग काढून घेतलं. तेव्हा धाकटीला ते कौतुक वाटलं होतं.

बाबांना आठवड्यातून दोनदा रुग्णालयात न्यावं लागे. टॅक्सीचं नाव काढलं की ते म्हणत, "परक्या गाडीत मी एकदाच बसणार, आणि तेव्हा आडवा असेन." त्यावर घरातले हसत आणि धाकटी बॉनेट उघडायला जाई.

ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. दुसऱ्या शहरातली शाखा सांभाळशील का, असं मालकांनी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तिने महिनाभराची मुदत मागून घेतली. तो महिना कधी संपलाच नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती आधी हो म्हणाली आणि मग घरी सांगितलं. घरात कोणी नाही म्हटलं नाही. जा की, थोरला म्हणाला, फक्त गाडीचं काय ते बघ. वहिनीला गाडी चालवता येत होती; घोडं अडायचं ते चालू करण्यापाशी.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मेस्त्री नवा कार्ब्युरेटर घेऊन आले.

गाडी ठेवायची खोली गाडीच्याच मापाची होती. इंजिनापर्यंत जायला एकाच बाजूने वाट, तीही पोट आत घेऊन. त्या वाटेत बाबांनी खुर्ची टाकून घेतली; कोणी आलं-गेलं की तेवढ्यापुरती सरकवत. मेस्त्रींनी जुना कार्ब्युरेटर सोडवला आणि त्याची दांडी हलवून दाखवली. "काका, म्हाताऱ्याच्या दातासारखी झालीय बघा."

"माझे दात शाबूत आहेत," बाबा म्हणाले. मग इंजिनाच्या उघड्या तोंडाकडे बोट दाखवून म्हणाले, "फडकं."

हा त्यांचा जुना नियम. उघडं तोंड दिसलं की आधी फडकं. एखादा नट आत पडला तर अख्खं इंजिन खोलावं लागतं. धाकटीला त्यांनी पाना धरायच्या आधी हे शिकवलं होतं. मेस्त्रींच्या हातात फडकं होतंच. ते कोंबून त्यांनी कडा खरवडल्या, फडकं ओढून मडगार्डवर टाकलं, नवं गॅस्केट ठेवलं, त्यावर नवा कार्ब्युरेटर बसवला आणि नट बोटांनीच फिरवून ठेवले. तेवढ्यात वहिनीने चहाला हाक मारली. माझा इथेच आणा, बाबा म्हणाले आणि बाकीचे घरात गेले.

चहानंतर नट आवळले, पाइप जोडला, वायरी लावल्या. वहिनीने किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि थांबली. पुन्हा खोकली, पुन्हा थांबली. मेस्त्रींनी पेट्रोल पाहिलं, प्लग काढून ठिणगी पाहिली. सगळं जिथल्या तिथे. किल्ली फिरवून फिरवून बॅटरी मात्र दमली.

"जुनाच बसवा," बाबा म्हणाले. "त्याला निदान हिचा हात कळतो."

थोरल्याने धाकटीकडे पाहिलं. "मालकांना कळवून टाक मग. महिनाभर थांबा म्हणावं." तो तिच्या ओळखीचा महिना होता. वहिनी खाली उतरली आणि थोरल्यामागून घरात गेली. मेस्त्री दुसरी बॅटरी आणायला गेले.

धाकटीने पाना उचलला. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून तिने नट सोडले आणि कार्ब्युरेटर उचलला. इंजिनाच्या तोंडात पांढरं काहीतरी होतं. मेस्त्रींचं काळं फडकं मडगार्डवर तसंच पडलेलं. तिने चिमट्याने धरून ओढलं. पेट्रोलने भिजलेला रुमाल होता, चार घड्या घातलेला. बाबांचा, सकाळी तिनेच इस्त्री केलेला.

बाबा भिंतीकडे बघत होते.

"आत ओढला गेला असता तर?" तिने विचारलं.

"नसता गेला. घट्ट बसवला होता."

"इंजिनाची काळजी घेतलीत."

रुमाल अजून तिच्या हातात होता. परत जागेवर ठेवला असता तर कोणाला कळलं नसतं. महिनाभर थांबणं झालं असतं, आणि दोष गाडीचा. तिने तो मडगार्डवर ठेवला, कार्ब्युरेटर बसवला आणि नट आवळले, आलटून पालटून, त्यांनी शिकवलं होतं तसे.

मेस्त्रींनी दुसरी बॅटरी आणून जोडली, वहिनीला हाक मारली. यावेळी गाडी पहिल्या किल्लीत चालू झाली. वहिनीला हसू आवरेना. "म्हणजे बॅटरीच होती तर," मेस्त्री म्हणाले. असेल, धाकटी म्हणाली. वहिनी गाडी बंद करून थोरल्याला सांगायला पळाली. मेस्त्री जुनी बॅटरी उचलून निघाले.

धाकटीने रुमाल बाबांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो उलगडला आणि पुन्हा चार घड्या घातल्या.

"पेट्रोल जास्त खेचतेय," ते म्हणाले. "पंधरा दिवसांनी स्क्रू बघावा लागेल."

"मेस्त्री बघतील."

"त्याला आवाज कळत नाही."

"बाबा, खुर्ची सरकवा जरा."

खुर्ची हलली नाही. मागे भिंत, पुढे बाबा, बाजूला गाडी. धाकटीने गाडीचं दार उघडेल तेवढं उघडलं आणि आत सरकली. स्टिअरिंगसमोर क्षणभर बसून तिने किल्ली फिरवली. ना चोक, ना ठोकाठोक, गाडी चालू झाली. तिने ती बंद केली, किल्ली तिथेच ठेवली आणि सीटवरून सरकत पलीकडच्या दाराने अंग चोरून बाहेर पडली.

"पंधरा दिवसांनी," बाबा आतून म्हणाले.

तिची बॅग भरायची राहिली होती.